निवड झालेली नाही

पडद्यावर नवा अर्ज आला आणि चष्मिसचा हात माउसवरच थांबला. अर्ज त्याच्या धाकट्या भावाचा होता.

वेबसाइटवर नोकरीचा फॉर्म कुणी भरला की तो चष्मिसच्या पडद्यावर उघडायचा. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' असं उत्तर, सोबत विमानाचं तिकीट, एवढंच त्याचं काम. आलेल्या पोरांना विमानतळावरून थेट या इमारतीत आणत. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात जात आणि लोखंडी दार मागून बंद होई. मग दिवसभर फोनवर गोड बोलून अनोळखी माणसांना लुबाडायचं. नाही म्हणणाऱ्याला तळघरात नेत. चष्मिसही असाच एक फॉर्म भरून आला होता. इथे त्याला सगळे चष्मिसच म्हणत. खरं नाव कपाटातल्या पासपोर्टात राहिलं होतं.

धाकट्याने अगदी मन लावून फॉर्म भरला होता. शिक्षण, उंची, येणाऱ्या भाषा. 'आमच्याकडे का यायचं आहे?' या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'मोठा भाऊ तुमच्याच कंपनीत आहे. त्याला सांगितलेलं नाही. एकदम समोर जाऊन उभा राहणार आहे.'

अर्ज सरळ पुसून टाकावा, तर प्रत्येक अर्जाचा जाब द्यावा लागे. शेजारच्याने मध्यंतरी दोन अर्ज असेच गाळले होते. त्याची खुर्ची अजून रिकामी होती. साहेबाच्या चपलांचा आवाज रांगेच्या टोकाला पोचला. आता तो वळून इकडेच येणार.

चष्मिसने 'तुमच्याच कंपनीत' पुसलं. तिथे 'पोलिसात' लिहिलं. पुढची दोन्ही वाक्यं उडवली आणि हात वर केला.

"साहेब, हे जरा बघता का?"

साहेबाने खांद्यावरून वाकून वाचलं. मग बराच वेळ चष्मिसकडे बघितलं.

"पोलिसाच्या भावाला आणून काय विकतचं दुखणं घ्यायचंय? गोड शब्दांत नाही म्हण."

साहेब पुढे सरकायच्या आत चष्मिसने नकाराची मेल पाठवून दिली.

रविवारी घरी निरोप पाठवायला थोडा वेळ फोन मिळे. आलेले निरोप कुणी बघत नसे. जाणारा मात्र साहेब वाचून मगच सोडायचा. आईने लिहिलं होतं:

'तुझ्या कंपनीने धाकट्याला नको म्हटलं. धड जेवत नाही तो. दादाचं नाव काढू नका म्हणतो. एवढ्या मोठ्या जागी आहेस, सख्ख्या भावासाठी एक शब्द टाकता आला नाही तुला?'

चष्मिसने ते पुन्हा वाचलं. धाकटा रुसला होता, चिडला होता, पण घरात होता. आईच्या डोळ्यांसमोर.

"आटप लवकर," साहेब म्हणाला. "काय लिहिलंयस?"

चष्मिसने फोन त्याच्यासमोर धरला. 'मी मजेत आहे, आई.'

साहेबाने मान हलवली. दर रविवारी जायचं तेच वाक्य होतं.

आज पहिल्यांदाच ते खरं होतं.