किमान दीडशे अक्षरं

दुसरा फटका भिकाजीच्या कानावर बसला आणि चष्मा उडून टेबलाखाली गेला. तिसऱ्यासाठी संदेशने चार्जरची वायर दुहेरी केली. म्हाताऱ्याने दंड पुढे केला. डोकं वाचवायचं तर दंड द्यावा लागतो, हे दोन वर्षांत त्याला कळलं होतं.

"बटण कुठलं ते बघून दाबता येत नाही तुम्हाला?" संदेश म्हणाला. मारतानाही तो बापाला अहोजाहो करायचा. शिकलेला होता ना.

मोबाइल चार्जिंगला लावायच्या नादात भिकाजीने वायफायचं बटण बंद केलं होतं. संदेशचं तासाभराचं काम सेव्ह न होता गेलं होतं. बाहेर हा माणूस लोण्याहून मऊ. गिऱ्हाइकांनी ताणलं की वड्याचं तेल वांग्यावर निघायचं, आणि वांगं घरातच बसलेलं असायचं. शेजारच्या सकिनाबींनी वळ पाहून विचारलं तर म्हातारा म्हणायचा, "वय झाला आता. पडतंय कुठंतरी." बुरोंडीला चाळीस वर्षं तांडेल होता तो. त्याच्या एका हाळीवर अख्ख्या होडीचे खलाशी हलायचे. असा माणूस पोराचा मार खातो हे सांगायची लाज त्याला माराहून जड होती. संदेश त्या लाजेच्या भरवशावर निर्धास्त होता.

वायर फेकून तो पुन्हा लॅपटॉपपुढे बसला. ऑनलाइन फॉर्म बनवायचा त्याचा धंदा. दुसऱ्याला दोन दिवस लागायचे तिथे तो दोन तासांत मोकळा व्हायचा. नाव-पत्त्याचा तुकडा तयार, तालुक्यांची यादी तयार, ओटीपीचा तुकडा तयार. जुना फॉर्म कॉपी करायचा, हवे ते तुकडे जोडायचे, वरचं नाव बदलायचं. आजचा फॉर्म एका मदत केंद्राला बारापर्यंत हवा होता. घरात छळ होत असेल तर म्हाताऱ्या माणसांनी तक्रार नोंदवायचा. संदेशला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम म्हणजे काम.

पावणेबाराला फॉर्म पुन्हा उभा राहिला. एकदा भरून बघणं तेवढं उरलं. त्याने स्वतःचं नाव आणि वय टाकलं. फॉर्मने ते घेतलं नाही. वय साठ किंवा अधिक हवे. उनाड पोरं काहीबाही भरतात म्हणून हे नियम त्यानेच घातले होते. मग बापाचं नाव टाकलं, बापाची जन्मतारीख टाकली. ओटीपीसाठी बापाच्या हातातून फोन ओढून घेतला. तक्रार कोणाविरुद्ध? यादीत पहिलाच शब्द 'मुलगा' होता, तो निवडला. खाली स्वतःचं नाव लिहिलं. जिवाला धोका आहे का? 'हो' म्हटल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. हो.

घटनेचा तपशील. त्याने 'कखग कखग' मारलं. फॉर्मने तेही परत केलं. किमान दीडशे अक्षरे, तीच ती चालणार नाहीत.

घड्याळात बाराला आठ कमी होते. खोटं रचायला वेळ लागतो. डोळ्यांपुढे होतं ते त्याने भराभर टाइप केलं. दीडशे अक्षरं कधीच झाली, तरी बोटं थांबली नाहीत. मग त्याने पाठवायचं बटण दाबलं. तुमची तक्रार नोंदवली आहे, मदत निघाली आहे, अशी हिरवी पाटी आली. रंग चांगला दिसतो, असं त्याला वाटलं. तक्रार खरोखर जाऊ नये म्हणून ठेवलेलं चाचणीचं बटण चालू करायचं राहिलं होतं, आणि पोलिसांचे नंबर त्याने सकाळीच जोडले होते.

अर्ध्या तासात दारात जीप उभी राहिली. तेजस्वी नावाची कॉन्स्टेबल आत आली.

"मॅडम, ती चाचणी होती," संदेश हसत म्हणाला. "फॉर्म मीच बनवलाय. मीच भरला."

"मजकूरही तुम्हीच लिहिलात?"

त्याचं हसणं तिथेच आटलं. तेजस्वी म्हाताऱ्याजवळ उकिडवी बसली आणि मोबाइलवरून मोठ्याने वाचू लागली. "माझा मुलगा मला वायरने मारतो. गणपतीत त्याने बरगडीवर लाथ मारली. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, पण मी ते सांगत नाही."

"पुरे," संदेश म्हणाला आणि फोन हिसकावायला धावला. वाटेतला बाप त्याच्या धक्क्याने भिंतीवर आदळला. तेजस्वीने संदेशचा हात मागे पिरगाळून त्याला टेबलावर दाबला. लॅपटॉप खाली पडून फुटला. तो गुरासारखा धडपडत होता. तसाच दाबून धरून तिने शेवटची ओळ वाचली.

"मी ओरडत नाही. एकदा जरी ओरडलो असतो, तर तो थांबला असता."

भिकाजी भिंतीला धरून उभा राहिला. त्याच्या ओठाला रक्त होतं. आपल्या पोराला हे सगळं ठाऊक होतं, हे त्याला आज कळत होतं, आणि ते कुठल्याही फटक्याहून जास्त लागलं होतं.

"आजोबा, खरं सांगा," तेजस्वी म्हणाली. "ही तक्रार तुमची आहे का?"

"बाबा," संदेश टेबलावरूनच म्हणाला. "सांगा त्यांना."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मी नाय केली, बाय. मना लिवता येत नाय."

संदेशने श्वास सोडला.

"पन खरा हाय," भिकाजी म्हणाला. "आंगठा कुठं लावू, ता सांग."