जसंच्या तसं गाव

शेवंता कुळमेथेने अंगणात लावलेलं कडुनिंबाचं रोप हवामान खात्याच्या नाखरेसाहेबांनी उपटून तिच्या हातात दिलं.

"ताई, सावली पडली की तापमानाची नोंद बिघडते. साठ वर्षांपासून हे गाव कायद्यानं जसंच्या तसं ठेवलंय. इथे झाड लावायचं नाही, पत्रा बदलायचा नाही, घर सोडूनही जायचं नाही. चुली विझल्या तरी आकडे बदलतात."

"काल सासूबाई पत्र्याखाली भोवळ येऊन पडल्या, साहेब."

नाखरे ओशाळले. त्यांनी मोबाइलवर गावाच्या तापमानाचा आलेख उघडून तिच्यापुढे धरला. देशभरातले लोक आपल्या शहराची उष्णता याच आलेखाशी ताडून बघत. त्यातली रेघ दर वर्षी वर चढत गेली होती.

शेवंताने ती निरखून पाहिली.

"आम्ही तर काहीच बदललं नाही. मग ही वर कशी गेली?"

"बाहेरच्यांनी हवा तापवली. तुमच्यामुळेच ते कळलं."

"कळलं ना? मग आता सोडा आम्हाला."

नाखऱ्यांनी मान खाली घातली.

"अजून किती तापेल, ते मोजायचं राहिलंय."