बारावं नाव

रश्मीने यादी शेवटपर्यंत खाली नेली. काल जिल्ह्यात अटक झालेले अकरा जण. दारूवाले सहा, सट्टापट्टीवाले चार, आणि सासऱ्याचं डोकं फोडणारा एक.

"नाही काका. आजही चंद्रशेखर नाही."

"बधाई हो!" बाकावरचा भैय्यालाल म्हणाला. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी त्याला पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला पाहिजे होता आणि सकाळपासून तो चांगला वागत बसला होता. "पोरगा जेलात नाही म्हणजे पेढे वाटा तुम्ही."

टेबलासमोर बसलेल्या यादोरावने त्याच्याकडे असं पाहिलं की भैय्यालालने पाय बाकाखाली ओढून घेतले.

आठ दिवस हेच चाललं होतं. सौंदडहून सकाळच्या गाडीने गोंदियाला यायचं, रश्मीच्या ऑनलाइन सेंटरात बसायचं आणि पोलिसांच्या साइटवर पोराचं नाव शोधायचं. नाव निघालं नाही की म्हातारा आणखी थोडा वाकून परत जायचा.

"काऊन नसन येत नाव?" यादोराव म्हणाला. "एवढी पक्की तक्रार देल्ली मी."

"तुम्ही?" भैय्यालालला राहवलं नाही. "सख्ख्या पोरावर?"

"मंग काय करू? पोरगा गाडीत बसला तं बसला. तवापासून त्याचा नंबरच लागत नाही. ठाण्यात गेलो, तं म्हणतेत मोठा घोडा आहे, येईन आपोआप. मंग पोलीस पाटलानं अक्कल देल्ली. म्हणे, यादोराव, हरपलेल्याले कोणी नाही धुंडत. चोराले धुंडतेत. तं मी लिहून देल्लं, पोरगा शेतातली पाण्याची मोटर घेऊन पळाला."

"आणि मोटर?"

"तणसाच्या ढिगात लपवली. धान वाळून रायला, पण काढू कशी? चोरीले गेली ना ते."

भैय्यालाल हसणार होता. रश्मीचं तोंड पाहून त्याने ते खोकल्यावर भागवलं.

"एकडाव अजून पाय, बाई."

रश्मीने साइट पुन्हा उघडली. कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. यादीत बारावं नाव चढलं होतं. ती खुर्चीत पुढे सरकली.

"काका, तक्रारीचा कागद दाखवा जरा."

प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला कागद त्याने टेबलावर ठेवला. रश्मीने कागदावरचा आणि यादीतला गुन्ह्याचा नंबर बोट ठेवून जुळवला.

"तुमच्याच केसमध्ये अटक झाली आहे."

यादोराव उठला. स्क्रीनला त्याने हात जोडले. "भेटला! कुठं ठेवलं त्याले? जेवला असन का? मारलं तं नसन ना?"

"काका, बसा. शेखर नाही हा. हिरालाल आहे कोणी. वय तेवीस, राहणार रेल्वे स्टेशन."

"कोण हिरालाल?"

"चोर. तुमच्या मोटरचा."

यादोरावने ठाण्यात फोन लावला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून रश्मीने स्पीकर चालू केला. जमादार खुशीत होता.

"अरे यादोराव, मीच फोन करणार होतो! कबूल केलं ना त्यानं. एका रात्रीत. मोटरही जप्त झाली. येऊन ओळखून घे तुझी."

"माझी मोटर? भेटली?"

"मग! पोलिसांना काय समजता तुम्ही लोक?"

"साहेब, अन् माझा पोरगा?"

"तुझा पोरगा एकदम साफ. निर्दोष. नाव काढून टाकलं त्याचं. फुकट बदनाम केलं तू त्याला."

"मंग आता... धुंडणार नाही त्याले?"

"कायले धुंडायचं? त्यानं काय केलं?"

फोन कटला. भैय्यालाल बाकावर सरकत जवळ आला. "काका, टेन्शन नका घेऊ. नवीन केस टाका. या बारीले पोरानं बैल पळवला लिहा."

"चूप बसा हो तुम्ही," रश्मी म्हणाली.

यादोराव स्क्रीनकडे पाहत होता. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण बारावी ओळ कोणती ते त्याला समजलं होतं. त्यावर त्याने बोट ठेवलं.

"या पोराचा बाप कोण, ते नाही लिहत?"

"नाही काका."

"तेवीसच म्हणलं ना तू? शेखरही तेवीसचाच. मी जाऊन सांगतलं, का मोटर घरीच आहे, तं सोडतीन त्याले?"

"त्याला सोडतील. पण खोटी तक्रार दिली म्हणून तुम्हाला धरतील. मग उद्या इथं तुमचं नाव दिसेल."

"इथं? याच यादीत?"

"हो ना."

"हे यादी कोणालेही दिसते?"

"पब्लिकसाठीच आहे काका. मोबाईलवरही दिसते, कुठूनही."

"पुरं नाव टाकतेत? गावासगट?"

"सगळं टाकतात. पण काका, असं नका..."

यादोरावने कागद पन्नीत गुंडाळला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चपलेत पाय घातले.

"मंग बरं आहे," तो म्हणाला. "शेखर दिवसभर मोबाईलच पाहत राहाते."