एकेचाळीस भोकं

एकविसावं भोक बुजवून भुजंग मिस्तरी गुडघ्यावर हात टेकत कसाबसा उठला. अजून वीस उरली होती. गोदावरीच्या घाटावरच्या या नव्या भिंतीत एकेचाळीस पाइप त्यानंच ढाळ बघून बसवले होते, मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून. आता तेच त्यानंच बुजवायचे. अंगात त्राण नव्हतं ते वेगळंच. मन विटलं होतं.

उद्या उद्घाटन होतं. भिंतीवर चित्रं काढायला पेंटर येऊन बसले होते. पाइपांतून झिरपणाऱ्या पाण्याचे ओघळ चित्रांवर येतील, म्हणून वरून फर्मान सुटलं : भोकं बंद.

“मिस्तरी, आटपा की,” सुपरवायझर अंगद सावलीतून ओरडला. वयानं लेकासारखा, चाकूरकडचा. पोरगं वाईट नव्हतं, फक्त कानाचा फोन सुटत नव्हता. “पेंटर खोळंबलेत.”

“साहेब, मागं पाणी साचलं की भित पोट काढंल.”

“मला कळत नाही का? पण माझं ऐकतंय कोण? परवा फोडू की.”

परवा! जुन्या भिंतीच्या वेळीही एका साहेबानं हेच सांगितलं होतं. तेव्हा भुजंगच्या मिशा काळ्या होत्या. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यानं एकूण एक भोक सिमेंटनं असं ठासलं, की साहेबानं पाठ थोपटली. तो परवा काही उगवला नाही. भिंत वर्षानुवर्षं पोट काढत राहिली आणि दोन वर्षांमागं भरदुपारी खाली बसली. जाताना वरच्या अंगाला राहणाऱ्या केवळाबाईची मागची खोली घेऊन गेली. माणूस मेलं नाही, एवढंच नशीब. पण भुजंगनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

म्हणून आज त्याच्यापुढं दोन घमेली होती. एकात अंगदनं कालवून दिलेलं सिमेंट; ते संपलेलं दिसावं म्हणून तो घाटाच्या फुटक्या पायऱ्यांना लावत होता. दुसरं ओल्या बारदानाखाली झाकलेलं. त्यात नदीकाठची काळी माती होती. मातीचा गोळा भोकात दाबायचा, वरून चुन्याचा पातळ हात फिरवायचा, झालं. बघणाऱ्याला भिंत गुळगुळीत, आणि मागून पाणी आलं की माती आपली विरघळून वाट देणार. अंगदनं बारदान उचलून पाहिलं, तर मात्र काम गेलं. या वयात दुसऱ्या साइटवर कोण उभं करून घेणार? तरी त्यानं बाविसावा गोळा उचलला.

“बुजवलीत का परत?”

वरच्या पायरीवर केवळाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. पडलेल्या खोलीच्या जागी तिनं पत्रे उभे केले होते, नव्या भिंतीला अगदी खेटून.

“काय करून राहिलात मिस्तरी? एकडाव खोली नेली. आता मलाच नेता का?”

अंगद दहा पावलांवर होता. भुजंगनं मान खाली घालून चुना फिरवला.

“मागल्या टायमाला ज्या मुडद्यानं भोकं बुजवली, त्याचे हात झडले असतील हात! अन् तुमी बी त्यातलेच निघालात. केस पिकले की हो, लाज कशी वाटंना?”

शिव्या लागल्या. एकही वाया गेली नाही.

तेवढ्यात मांडववाल्यांचा टेम्पो आला आणि अंगद फोनवर बोलत वर रस्त्याकडं गेला. केवळाबाई पुटपुटत खाली उतरली. भुजंग तिच्यापुढं उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

“मावशी, त्याचे हात झडले न्हाईत. हे बघा. तवा मीच बुजवली हुती.”

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग हातांकडं. मनगटापर्यंत काळे होते. तिनं बोटानं थोडा चिखल निपटून घेतला आणि चिमटीत चोळला. जन्मभर भुई सारवलेल्या बाईला माती कुठली आणि सिमेंट कुठलं, हे सांगावं लागत नाही.

“उद्या पाव्हणे गेले की,” भुजंग हळूच म्हणाला, “तुमच्या खोलीच्या अंगाला भिंतीमागं दोन घागरी पाणी ओता. तिथली भोकं आपसूक मोकळी हुतील. बाकीची पावसाळ्यात.”

“लेकाच्या लग्नासाठी बांधली हुती ती खोली,” केवळाबाई म्हणाली. “तुमाला माफ न्हाई करायची मी.”

“नका करू.”

तो गुडघ्यावर हात टेकून पुन्हा बसला आणि त्यानं बारदान बाजूला केलं. तोच पायऱ्यांवर बूट वाजले. अंगद खाली येत होता. भुजंगचा हात मातीतच थिजला.

केवळाबाईनं एकदा वर पाहिलं, एकदा घमेल्याकडं. मग ती घमेल्याच्या पुढ्यात फतकल मारून बसली, लुगडं ऐसपैस पसरलं आणि घाट दणाणून सोडला.

“मुडद्या! माझं घर पाडायला निघालास व्हय रे!”

“आजी, काम करू द्या त्यांना,” अंगद अर्ध्या वाटेतच थबकला.

“तू गप रे! खोली माझी गेली हाय, का तुझी?”

अंगदनं हात जोडले आणि तो आल्या पावली परत फिरला.

“किती राहिली?” केवळाबाईनं तोंड न वळवता विचारलं.

“एकोणीस.”

“बुजवा. तेवढ्या शिव्या हाईत माझ्याजवळ.”