सव्वीस इंच

“मावशी, सहा वर्षांचाच आहे हा. चिठ्ठीवर लिहिलंय बघा.” दुकानदाराने फ्रॉक पुढे सरकवला.

नर्मदाबाईंनी पिशवीतून टेप काढली, खांद्यापासून खालपर्यंत लावली आणि फ्रॉक परत केला. “अठ्ठावीस भरायलाय. मला सव्वीस पायजे.”

हे सातवे दुकान होते. दिनकररावांनी कपाळाला हात लावला. सकाळी जिंतूरहून परभणीपर्यंत ते एसटीत उभ्याने आले होते. दिवाळी दोन दिवसांवर, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका दुकानात माप मिळाले तर रंग मेलेला. दुसऱ्याने तर ‘पोरीलाच घेऊन या’ म्हणून वाटेला लावले. पोरगी पुण्यात. तिला आणता आले असते तर रडायचे काय कारण होते?

“दोन इंचानं काय आभाळ कोसळायलंय?” ते बायकोवर खेकसले.

“मागं पाठवलेला ढगळा झाला. सूनबाईनं पिना लावून एक फोटू काढला आन ठिवून दिला कपाटात. यंदा नात घरी यायलीय. माझ्या हातानं न्हाऊ घालनार, माझ्या हातानं नवा फ्राक घालनार. नीट बसाया पायजे.”

नातीला, सृष्टीला, दोघांनी शेवटचे पाहिले तेव्हा ती तीन वर्षांची होती. नंतरच्या दोन्ही दिवाळ्यांना त्यांचा मुलगा गोपाळ ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणाला होता. यंदा मात्र त्याने रेल्वेचे तिकीट काढले होते, आणि सुनेने फोनवर लेकीचे माप सांगितले होते. सव्वीस इंच. नर्मदाबाईंचे ते अख्ख्या गल्लीला सांगून झाले होते.

नवव्या दुकानात एक पिवळा फ्रॉक निघाला. नर्मदाबाईंनी तो दोनदा मोजला आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. एवढ्या पायपिटीचे चीज झाले म्हणायचे.

स्टँडवर ही गर्दी! दिनकररावांनी या वयात खिडकीतून रुमाल टाकला, दारात कोपरे खाल्ली आणि दोघांपुरती जागा मिळवली. आता कुठे पाठ टेकते तोच फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येते म्हणून फोनचा आवाज कायम मोठा. त्यामुळे गोपाळ जे बोलला ते पुढच्या बाकावरच्यांनीसुद्धा ऐकले.

“बाबा, नाही जमत हो. साहेबांनी रजाच रद्द केली. पुढच्या दिवाळीला नक्की येतो. आईला तुम्हीच सांगा.”

सांगायचे काही उरलेच नव्हते. नर्मदाबाई उठल्या, पिशवी उचलली आणि माणसे ढकलत खाली उतरल्या.

“आगं, जागा जाईल!” दिनकरराव ओरडले आणि मागोमाग उतरले. जागा गेलीच.

त्या पुन्हा बाजाराच्या वाटेला लागल्या होत्या. फ्रॉक परत करायला निघाली, दिनकररावांना वाटले. त्यांना बायकोची कीव आली, स्वतःचीही आली. लेकाचा राग मात्र काही केल्या येत नव्हता. लेकाच्या बाजूने बोलायला दोन शब्द सापडतात का, ते वाटभर बघत राहिले.

दुकानदार आवराआवर करत होता. “का मावशी, माप चुकलं का?”

“न्हाई. बरोबर हाय,” नर्मदाबाई म्हणाल्या. “ह्याच्याहून मोठा दाखवा.”

दिनकररावांच्या ध्यानात आले. परत करायला आली नव्हती तर! ते घाईघाईने पुढे झाले.

“सात वर्षाचा द्या. पुढल्या दिवाळीला यायलीय नात. लेकानं आत्ताच फोन केलता.”

दुकानदाराने सातचा खोका काढून समोर ठेवला. नर्मदाबाईंनी तो उघडलासुद्धा नाही.

“आठचा द्या,” त्या म्हणाल्या.