आईचे पाय

नलूच्या रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते. फोन नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचा होता. नलूचा नवरा उकंडा दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात फिटर. मशीन बंद करून तो कापसाच्या गंजीमागे गेला.

"भाऊ, नसांना लागणारी एक चरबी शरीर स्वतः बनवतं," बाई म्हणाल्या. "ती बनवणारं एन्झाइम सेरीन नावाचा पदार्थ उचलतं. नलूताईंच्या जनुकात एका जागी बदल होता. त्यानं एन्झाइमची घडण जराशी बदलली, आणि ते कधी कधी सेरीनऐवजी अ‍ॅलानीन हा दुसराच पदार्थ उचलू लागलं. त्यातून बनलेली चरबी शरीराला मोडता येत नाही. ती साचते आणि नसा मारते."

"रोलरची फट जराशी चुकली का सरकी रुईत येते," उकंडा म्हणाला. "तसं?"

"तसंच. म्हणून पायाला काही कळत नव्हतं."

जिनिंगमधल्या बाया नलूला लोखंडी पायाची म्हणायच्या. ती अनवाणी फिरायची, निखारा टाचेनं विझवायची. उकंडा ते कौतुकानं लोकांना सांगायचा. शेवटी तारेचा तुकडा तिच्या टाचेत आठ दिवस राहिला. घरात वास आला तेव्हा विष अंगभर गेलं होतं.

"लेकरांत येते का हे?" त्यानं विचारलं.

"निम्मी शक्यता असते. मुलीचं रक्त पाठवा. लवकर कळलं तर सेरीनची पावडर देऊन पाहता येते. उशीर करू नका."

तो घरी आला. मैत्रेयी, त्याची वीस वर्षांची एकुलती लेक, पाय पसरून मोबाइल बघत बसली होती. उकंडानं शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि तिच्या पायाशी बसला.

"काय करून राह्यले बाबा?"

"काटा दिसते."

"कंपाउंडर झाले काय तुम्ही?" ती हसली आणि पुन्हा मोबाइल बघू लागली.

त्यानं अंगठ्याखाली सुई टेकवली. मग दाबली. पाय हलला नाही. आणखी दाबली. रक्ताचा थेंब वर आला. त्याच्या हातातून सुई सुटली आणि फरशीवर पडली.

मैत्रेयीनं खाली पाहिलं. सुई पाहिली, थेंब पाहिला. मग म्हणाली, "आई गं. दुखलं ना बाबा."

"केव्हा दुखलं?"

तिनं थेंब बोटानं पुसला.

उकंडानं सुई उचलली. दवाखान्यात नलूला डोळे मिटायला लावूनच टोचलं होतं.

"डोळे मीट."

"कायले?"

"मीट ना माय."

मैत्रेयीनं पाय पोटाशी ओढले आणि ओढणीखाली झाकून घेतले.

"परवा आर्णीले गेलती ना मी," ती म्हणाली. "स्टँडवर चप्पल पायातून सुटली. मले मालूमच नाही. मागून एक बाई ओरडली तेव्हा पाहिलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"शेवटी आईकडे पाहत होते तसंच माह्याकडे पाहाल म्हणून."

तिनं डोळे मिटले नाहीत. त्यानंही पुन्हा म्हटलं नाही.

याला नऊ दिवस झाले. मैत्रेयीचं रक्त अजून नागपूरला पाठवलेलं नाही.