परत येण्याची खात्री

यंत्रावरचा दिवा पुन्हा लाल झाला.

"अहो आजी, नुसतं ‘परत येईन’ म्हणा," काचेपलीकडून व्हिसा कचेरीतले रेगेसाहेब कळवळून म्हणाले. "हे आवाजातली खात्री मोजतं. खात्री नाही, तर व्हिसा नाही."

"येईन की परत. देवाच्या मनात असेल तर," अनसूयाबाई म्हणाल्या. दिवा लालच राहिला.

"देवाला घटकाभर बाजूला ठेवा ना!"

"चाळीस वर्षं कीर्तनात झांज वाजवतेय, साहेब. उद्याची हमी माणसानं कशी द्यायची? तोंडातून निघतच नाही मेली."

परदेशी असलेल्या लेकीचं बाळंतपण आठ दिवसांवर आलं होतं. तीनदाच विचारायचा नियम होता आणि ही तिसरी खेप. आता वर्षभर अर्ज करता येणार नव्हता.

अनसूयाबाईंनी डोळे टिपले. पिशवीतून पुडी काढून काचेखालून सरकवली. "खडीसाखर आहे, कालच्या कीर्तनाची. तुमचा काही दोष नाही हो." मग उठून, कुणाच्याही दारातून निघताना जोडावेत तसे हात जोडून त्या म्हणाल्या, "बरं, येते हं."

दिवा हिरवागार झाला. खात्री, शंभर टक्के.

रेगे बघतच राहिले. "आजी, काय म्हणालात?"

"काय म्हणाले? निघताना ‘जाते’ म्हणतात का कुणी?"

रेगेंनी खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला, पासपोर्टावर शिक्का मारला आणि तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"या," ते म्हणाले.